पंच्याहत्तर टक्क्यांची रेघ

पहाटेपासूनच फ्रान्समधल्या मेट्झ आणि थिआँव्हील, जर्मनीतल्या ट्रिअर आणि बेल्जियममधल्या आर्लोंहून लक्झेंबर्गकडे जाणाऱ्या गाड्या भरू लागतात. बँकेतले कर्मचारी, परिचारिका, गवंडी, हॉटेलांतले वेटर अशी सगळी मंडळी त्यांत असतात. नोकरी एका देशात आणि रात्रीचा मुक्काम दुसऱ्या देशात. लक्झेंबर्गची लोकसंख्या जेमतेम पावणेसात लाख आहे आणि रोज सीमा ओलांडून कामाला येणारे दोन लाखांहून जास्त. देशातल्या एकूण नोकरदारांत जवळजवळ निम्मे तेच.

युरोपातला सर्वांत श्रीमंत देश कोणता, या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर म्हणजे लक्झेंबर्ग. हे उत्तर कसं निघतं ते बघा. देशाच्या हद्दीत वर्षभरात जे काही निर्माण झालं त्याची किंमत काढायची आणि तिला लोकसंख्येनं भागायचं. हे झालं दरडोई सकल उत्पादन. थिआँव्हीलहून येणाऱ्या परिचारिकेचं काम वरच्या आकड्यात धरलं जातं. ती स्वतः मात्र भागायच्या आकड्यात नसते, कारण तिचं घर फ्रान्समध्ये आहे. वर दोन लाख माणसांचे कष्ट जादा, खाली तीच दोन लाख माणसं गायब. मग भागाकार फुगणारच.

युरोपीय महासंघाचं सांख्यिकी कार्यालय, म्हणजे युरोस्टॅट, या भागाकारावर आणखी एक संस्कार करतं. सोफियात केस कापायला लागणाऱ्या पैशांत कोपनहेगनमधल्या सलूनच्या खुर्चीत बसताही येणार नाही. म्हणून भाडं, भाजी, औषधं, बसभाडं अशा असंख्य गोष्टींचे देशोदेशीचे भाव गोळा करून प्रत्येक देशाचं उत्पन्न एका कल्पित चलनात मांडलं जातं. त्या चलनाची खरेदीची ताकद सगळीकडे सारखी. महासंघाची सरासरी १०० धरली, की गेल्या काही वर्षांत लक्झेंबर्ग २४० च्या आसपास दिसतो, आयर्लंड २१० च्या वर, पोलंड ८० च्या जवळ आणि तळाला बल्गेरिया ६५ च्या आगेमागे. ग्रीस त्याच्या जरासाच वर, ७० च्या आसपास. एकेकाळी ज्याला हसायचे तो रुमानिया ग्रीसच्या पुढे निघून गेला आहे.

आयर्लंडचा आकडाही जसाच्या तसा घेऊ नये. २०१५ साली आयर्लंडची अर्थव्यवस्था एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढल्याचं अधिकृतरीत्या जाहीर झालं. कारखाने उभे राहिले नव्हते, माणसं कामाला लागली नव्हती. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी कर कमी लागतो म्हणून आपली पेटंटं आणि तसलीच अमूर्त मालमत्ता कागदोपत्री आयर्लंडमध्ये आणून ठेवली होती, एवढंच. अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी आयरिश लोककथांतल्या ठेंगू, चलाख बुटक्यांचं नाव देऊन या अर्थशास्त्राची टिंगल केली. आयर्लंडच्या सांख्यिकी विभागानं मग खास स्वतःसाठी एक वेगळं माप तयार केलं, ज्यातून ही कागदी मालमत्ता वजा होते. स्वतःच्या श्रीमंतीचा आकडा आपणहून खाली आणणारं सरकारी खातं विरळाच म्हणायचं!

तेव्हा घरात प्रत्यक्ष काय येतं हे बघायचं असेल, तर दरडोई उपभोग पाहावा: लोकांनी स्वतः विकत घेतलेलं, अधिक सरकारनं पुरवलेलं शिक्षण आणि औषधोपचार. या मापानं लक्झेंबर्ग १४० च्या आसपास उतरतो आणि आयर्लंड सरासरीच्या जवळ येऊन बसतो. टोकं आत येतात. अंतर उरतंच, पण तीन-चार पटींचं दोन पटींवर येतं.

माप कोणतं वापरायचं यावर इतका काथ्याकूट कशाला, असं वाटेल. कारण या मापावर पैसे ठरतात.

महासंघानं आपल्या सदस्य देशांचे मिळून सुमारे २४० विभाग पाडले आहेत. एका विभागात साधारण आठ ते तीस लाख वस्ती असावी, असा अंदाज. ज्या विभागाचं दरडोई उत्पादन सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी, तो ‘कमी विकसित’. ७५ ते १०० मधला ‘संक्रमणातला’ आणि त्यापुढचा ‘अधिक विकसित’. कमी विकसित विभागात रस्ता, सांडपाण्याची योजना किंवा प्रशिक्षण केंद्र उभारायचं असेल, तर खर्चाचा ८५ टक्क्यांपर्यंत वाटा महासंघ उचलतो आणि अधिक विकसित विभागात तोच वाटा ४० टक्क्यांवर येतो. शिवाय ज्या देशाचं दरडोई राष्ट्रीय उत्पन्न सरासरीच्या ९० टक्क्यांखाली आहे, त्याला वेगळा कोहेजन निधी मिळतो. तो मुख्यतः वाहतूक आणि पर्यावरणाच्या कामांसाठी. हा निधी नव्वदच्या दशकात सुरू झाला तो स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस आणि आयर्लंड या तेव्हाच्या चार गरिबांसाठी.

पैसे हातात आयते पडत नाहीत. आधी देशानं सात वर्षांचा आराखडा ब्रुसेल्सकडून मंजूर करून घ्यायचा, कामाच्या निविदा काढायच्या, खर्च करायचा, बिलं लावायची आणि मग परतावा मागायचा. ठरलेल्या मुदतीत खर्च झाला नाही तर ती रक्कम परत जाते. म्हणजे ज्या प्रदेशातलं प्रशासन कमकुवत, त्यालाच पैसे खर्च करणं अवघड. दक्षिण इटलीतल्या अनेक योजना इथेच अडकत आल्या आहेत. आणि काम पुरं झालं, की निळ्या रंगावर बारा सोनेरी तारे असलेला फलक लावणं बंधनकारक असतं. पोलंडमध्ये गाडीनं फिरताना हे फलक सतत भेटतात. २०२१ ते २०२७ या काळासाठी या खात्यातली सर्वांत मोठी रक्कम, सुमारे ७,५०० कोटी युरो, पोलंडच्याच वाट्याला आली आहे.

हे सगळं ऐकून वाटतं, केवढी ही औदार्याची गंगा. तर ती गंगा नेमकी किती रुंद आहे ते मोजू. महासंघाचा संपूर्ण अर्थसंकल्प, म्हणजे शेतकऱ्यांची अनुदानं, विभागीय निधी, संशोधन, ब्रुसेल्सच्या कचेऱ्यांचे पगार हे सगळं धरून, सदस्य देशांच्या एकत्रित उत्पन्नाच्या साधारण एक टक्का आहे. आपल्या केंद्र सरकारचा अर्थसंकल्प देशाच्या उत्पन्नाच्या चौदा-पंधरा टक्क्यांच्या घरात असतो. या एका टक्क्यासाठीही दर सात वर्षांनी रात्र-रात्र जागून भांडणं होतात. कारण हे पैसे मुख्यतः प्रत्येक देशाच्या उत्पन्नाच्या प्रमाणात थेट वर्गणी म्हणून येतात. मग ‘आम्ही दिलं किती, आम्हाला मिळालं किती’ हा हिशेब कुठलाही अर्थमंत्री पाकिटाच्या पाठीवर करू शकतो. मार्गारेट थॅचर यांनी तो करून १९८४ मध्ये फाँतेनब्लोच्या बैठकीत ब्रिटनसाठी कायमची सूट पदरात पाडून घेतली. ब्रिटन गेला, पण सूट मागायची रीत राहिली. आज जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन, डेन्मार्क आणि ऑस्ट्रिया या पाचांना वर्गणीत सवलत आहे.

आता याच्या शेजारी जर्मनीचं एकीकरण ठेवू. १ जुलै १९९० ला पश्चिम जर्मनीनं पूर्वेच्या लोकांचे पगार आणि पेन्शन एकास एक दरानं आपल्या भक्कम मार्कमध्ये बदलून दिली. पूर्वेचं चलन त्या किमतीचं नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानंतर नव्वदच्या दशकात दरवर्षी पश्चिमेच्या उत्पन्नाचे सुमारे चार-पाच टक्के पूर्वेकडे गेले. आयकरावर ‘एकजुटीचा अधिभार’ बसला आणि तो बहुसंख्य करदात्यांना माफ झाला तो २०२१ मध्ये, तीस वर्षांनी. कुरकुर झाली, पण ‘हे लोक आपले आहेत का?’ असं कोणी विचारलं नाही.

युरोपात आपलेपणाबद्दल भाषणं पुष्कळ होतात. मी मात्र हे दोन आकडे बघतो. पूर्व जर्मनीतल्या लायप्झिगसाठी चार-पाच टक्के, सबंध युरोपसाठी एक. लायप्झिगच्या पूर्वेला काही तासांवर असलेल्या वॉर्साला मिळतो तो त्या एका टक्क्यातला तुकडा. आपलं कोण आणि शेजारी कोण, हे असं पैशात मोजून मिळतं. अर्थात एवढं देऊनही पूर्व जर्मनीतले बरेच लोक आजही स्वतःला दुय्यम नागरिक समजतात. तिथले सरकारी कारखाने एकीकरणानंतर विकले किंवा बंद केले गेले आणि लाखो नोकऱ्या गेल्या. ती जखम पेन्शननं भरली नाही. तेव्हा पैसा दिला म्हणून आपलेपणा येतोच असं नाही. आपलेपणा नसेल तर मात्र पैसा बाहेर निघत नाही, हे नक्की.

महासंघाच्या करारातच तसं लिहिलेलं आहे. कलम १२५ प्रमाणे एका देशाच्या कर्जाची जबाबदारी दुसऱ्यावर नाही. २०१० मध्ये ग्रीस बुडायला लागला तेव्हा हे कलम आडवं आलं. अखेर मदत झाली, पण कर्ज म्हणून आणि कडक अटींवर: पेन्शन कापा, नोकऱ्या कमी करा, बंदरं-विमानतळं विका. जर्मन वर्तमानपत्रांतून आळशी ग्रीकांच्या गोष्टी येऊ लागल्या, आणि अथेन्सच्या मोर्चांत जर्मन चान्सेलर अँगेला मेर्केल नाझी गणवेशात रंगवल्या गेल्या. आकडेवारीतला ‘सरासरीपेक्षा कमी’ हा शेरा हळूहळू माणसांच्या स्वभावावर मारला जाऊ लागला.

याचा कळस २०१७ मध्ये झाला. युरो वापरणाऱ्या देशांच्या अर्थमंत्र्यांच्या गटाचे अध्यक्ष होते नेदरलँड्सचे येरून डायसेलब्लूम. सगळा पैसा दारू आणि बायकांवर उडवायचा आणि मग मदत मागायची, हे चालणार नाही, अशा आशयाचं ते एका जर्मन वर्तमानपत्राशी बोलले. दक्षिणेकडच्या देशांत आग पेटली. राजीनामा मागणाऱ्यांत आघाडीवर होते पोर्तुगालचे तेव्हाचे पंतप्रधान आंतोनियो कोश्ता. कोश्ता म्हणजे मडगावच्या घराण्यातले; त्यांचे वडील, लेखक ओर्लांदो दा कोश्ता, यांचं बालपण गोव्यात गेलं. घरी कोश्तांना ‘बाबुश’ म्हणत. ज्या देशाला उत्तरेकडचे लोक उधळ्या म्हणत होते, त्याचे हे पंतप्रधान डिसेंबर २०२४ पासून युरोपीय परिषदेचे अध्यक्ष आहेत, आणि सत्तावीस देशांच्या प्रमुखांना एका टेबलावर आणून त्याच एक टक्क्याचं भांडण सोडवणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे.

उत्तर-दक्षिण भांडण निदान कुटुंबातलं मानलं जातं. पूर्व-पश्चिम प्रकरणात मुळात कुटुंबात कोण, इथूनच सुरुवात होते. १९८३ मध्ये झेक कादंबरीकार मिलान कुंदेरा यांनी एका गाजलेल्या निबंधात मांडलं, की प्राग, बुडापेस्ट आणि वॉर्सा संस्कृतीनं पश्चिमेचेच आहेत, फक्त त्यांचं अपहरण झालं आहे. बर्लिनची भिंत पडल्यावर हे देश आपण ‘मध्य युरोप’ असल्याचं आवर्जून सांगू लागले. पूर्व युरोप म्हणजे आणखी पलीकडचे कुणीतरी. १९९९ मध्ये एस्टोनियाचे परराष्ट्रमंत्री टूमास हेंड्रिक इल्वेस यांनी तर आपला देश बाल्टिक नसून नॉर्डिक असल्याचं स्टॉकहोममध्ये जाऊन सांगितलं. पत्ता बदलण्याची ही धडपड पोकळ नव्हती. ‘पूर्व’ या शिक्क्यावर गुंतवणूकदार व्याज जास्त मागतो आणि व्हिसा देणारा प्रश्न जास्त विचारतो.

प्रवेशही एका दारातून होत नाही. आधी उमेदवारी, मग सदस्यत्व, मग शेंगेन म्हणजे सीमेवरची तपासणी बंद, मग युरो. बल्गेरिया आणि रुमानिया २००७ मध्ये सदस्य झाले. सीमेवरची तपासणी विमानतळ आणि बंदरांपुरती उठली ती मार्च २०२४ मध्ये, आणि रस्त्यांवरची १ जानेवारी २०२५ ला. मधल्या काळात ऑस्ट्रियासारखे देश आडवे आले. बल्गेरियानं युरो स्वीकारला तो १ जानेवारी २०२६ ला, एका युरोला १.९५५८३ लेव या दरानं. हाच दर जुन्या जर्मन मार्कचा होता. बल्गेरियानं १९९० च्या दशकातल्या भयानक महागाईनंतर आपलं चलन मार्कला बांधून टाकलं होतं, तेव्हापासूनचा हा वारसा. सर्वांत गरीब सदस्य जवळजवळ तीस वर्षं जर्मनांच्या शिस्तीनं चलन सांभाळत होता आणि रांगेत उभा होता.

रांगेत पुढे असलेला मागच्याला अडवू शकतो, कारण नवा सदस्य घ्यायला सर्वांची संमती लागते. मॅसिडोनियाला २००५ मध्ये उमेदवारी मिळाली. नाव आमच्या प्रांताचं आहे म्हणून ग्रीसनं अडवलं. २०१९ मध्ये देशानं नाव बदलून ‘उत्तर मॅसिडोनिया’ केलं. मग २०२० मध्ये बल्गेरियानं अडवलं: तुमची भाषा आणि इतिहास मुळात आमचाच आहे, हे मान्य करा. या रांगेत नॉर्वे आणि स्वित्झर्लंड कुठेच नाहीत. ते महासंघाच्या बाहेर राहून बाजारात शिरण्याच्या मोबदल्यात गरीब सदस्यांना निधी देतात, आणि ते युरोपीय आहेत की नाहीत असा प्रश्न कधी कुणाला पडत नाही.

आत आल्यावरही कोण कुठल्या रांगेत बसलं आहे, हे जेवणाच्या ताटात दिसतं. स्लोव्हाकिया, हंगेरी आणि झेक प्रजासत्ताक इथले लोक सीमा ओलांडून ऑस्ट्रियात खरेदीला जात, तेव्हा त्यांच्या लक्षात यायचं की तेच वेष्टन, तोच ब्रँड, पण फिशफिंगरमध्ये मासा जास्त आणि शीतपेयाची चव वेगळी. २०१७ मध्ये हा सरकारी पातळीवरचा तंटा झाला. महासंघाच्या संशोधन केंद्रानं देशोदेशीचे नमुने तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष दिला: वेष्टनाचा दर्शनी भाग तंतोतंत सारखा असूनही घटक वेगळे, अशी उत्पादनं ९ टक्के निघाली, दर्शनी भाग मिळताजुळता आणि घटक वेगळे, अशी आणखी २२ टक्के. पण पूर्वेला वाईट आणि पश्चिमेला चांगलं, असा सरळ आकृतिबंध सापडला नाही. कायदा बदलला गेला. ब्रातिस्लाव्हातल्या गृहिणीचं समाधान झालं असेल असं मला वाटत नाही. तिची तक्रार माशाच्या टक्क्यांइतकीच ‘आम्हाला चालतं’ असं कुणीतरी परस्पर ठरवल्याची होती.

अंतर मिटवायचा दुसरा मार्ग म्हणजे स्वतःच उठून श्रीमंत देशात जाणं. महासंघाचा नागरिक कुठल्याही सदस्य देशात राहू आणि काम करू शकतो. पण १ मे २००४ ला दहा नवे देश आले तेव्हा फक्त ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडननं लगेच दार उघडलं. जर्मनी आणि ऑस्ट्रियानं मुभा होती तेवढी पूर्ण सात वर्षं ते बंद ठेवलं. फ्रान्समध्ये युरोपीय राज्यघटनेवरच्या २००५ च्या सार्वमताआधी स्वस्तात काम करणाऱ्या ‘पोलिश प्लंबर’चा बागुलबुवा उभा राहिला. पोलंडच्या पर्यटन खात्यानं मग एका देखण्या प्लंबरचं पोस्टर छापलं. मी पोलंडमध्येच आहे, तुम्हीच मोठ्या संख्येनं या, असं त्यावर फ्रेंचांना आमंत्रण होतं. एवढं नेमकं उत्तर सरकारी खात्याकडून क्वचितच मिळतं. बाकी हिशेब हसण्यासारखा नाही. लॅटव्हियाची लोकसंख्या १९९० मध्ये साडेसव्वीस लाखांच्या वर होती, ती आता एकोणीस लाखांच्या आत आहे. बल्गेरिया नव्वद लाखांवरून पासष्ट लाखांच्या आसपास आला. जन्मदर घटला हे आहेच, पण तरुण परिचारिका, डॉक्टर आणि सुतार निघून गेले हेही आहे. त्यांच्या शिक्षणाचा खर्च गरीब देशानं केला आणि कर श्रीमंत देशाला मिळाला. निळे फलक लावून आलेल्या पैशाच्या जमाखर्चात ही रक्कम कुठेच नसते.

या दारातून हजारो गोंयकारही आत गेले. पोर्तुगीज कायद्याप्रमाणे १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना नागरिकत्वावर हक्क सांगता येतो. आजोबांचा जन्म लिस्बनमध्ये नोंदवायचा, मग वडिलांचा, मग आपला. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे इथलं नागरिकत्व सोडावं लागतं. पण मिळालेला पासपोर्ट घेऊन पोर्तुगालमध्ये राहणारे थोडेच. तिथले पगार युरोपच्या मानानं कमी, म्हणून सासष्टीची मुलं गेली थेट इंग्लंडमधल्या स्विंडनला, गोदामांत आणि कारखान्यांत. श्रीमंत देशात शिरायला तुलनेनं गरीब देशाचा पासपोर्ट पुरेसा होता. ३१ डिसेंबर २०२० ला ब्रेक्झिटनंतरची सवलतीची मुदत संपली आणि नव्यानं जाणाऱ्यांसाठी ती वाट बंद झाली.

आता रांगेत युक्रेन आहे. जून २०२२ मध्ये त्याला उमेदवारी मिळाली. त्याचं दरडोई उत्पादन बल्गेरियाच्याही निम्म्याच्या आसपास, युद्धापूर्वीची लोकसंख्या चार कोटींच्या वर, आणि लागवडीची जमीन तीन कोटी हेक्टरांहून जास्त, म्हणजे कुठल्याही सदस्य देशापेक्षा अधिक. शेतीचं अनुदान मोठ्या प्रमाणात हेक्टरी मिळतं, हे लक्षात घेतलं की फ्रेंच आणि पोलिश शेतकऱ्यांची झोप का उडते ते कळतं.

त्याहून चमत्कारिक भाग त्या ७५ टक्क्यांच्या रेघेचा. रेघ सरासरीवर आखलेली आहे. गरीब देश आत आला की सरासरी खाली सरकते, आणि तिच्याबरोबर रेघही. २००४ मध्ये हे घडलेलं आहे. स्पेनमधला आस्तुरियास, पोर्तुगालचा आल्गार्व्ह, स्कॉटलंडचा डोंगराळ उत्तर भाग हे रातोरात कागदावर ‘श्रीमंत’ झाले. तिथल्या एकाही माणसाच्या खिशात एक युरोही वाढला नव्हता. तेव्हा त्यांच्यासाठी निधी हळूहळू कमी करत नेण्याची सोय करावी लागली. २०२८ ते २०३४ या काळासाठी युरोपीय आयोगानं जुलै २०२५ मध्ये जवळपास दोन लाख कोटी युरोंच्या अर्थसंकल्पाचा प्रस्ताव ठेवला आहे. त्यावर सत्तावीसही देशांची सही लागेल.

त्याआधीच, नोव्हेंबर २०२३ मध्ये, पोलंडच्या ट्रकचालकांनी युक्रेनच्या सीमेवर नाकेबंदी केली. युक्रेनचे चालक कमी भाड्यात माल नेतात, आमचा धंदा बुडतो, त्यांच्यासाठी परवाना पद्धत परत आणा, ही त्यांची मुख्य मागणी होती. ट्रकच्या रांगा लागल्या त्या दोरोहुस्क आणि मेदिका इथल्या नाक्यांवर. ही गावं लुब्लिन आणि पोदकार्पात्स्किए या विभागांत आहेत. वॉर्सा शहराचा विभाग महासंघाच्या सरासरीच्या केव्हाच वर गेला. हे दोन विभाग अजून रेघेच्या बरेच खाली आहेत.